मिशीची पैज

"गोळ्या आणि पट्ट्या लावून सिगरेट सोडतात ते लेचेपेचे. या बाईंचं औषध घेतलं तर मी मिशी उतरवीन!"

कारखान्याच्या जेवणघरात फिटरमामांनी हे साठ जणांदेखत जाहीर केलं आणि समुपदेशनाला आलेल्या बाईंकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी ते मागच्या दाराने त्याच बाईंपुढे जाऊन बसले. झालं होतं असं, की घराचा जिना चढताना त्यांना लागलेली धाप बायकोने ऐकली आणि ती एक शब्दही बोलली नाही. तिचं बोलणं मामांनी तीस वर्षं पचवलं होतं. हे गप्प बसणं काही पचेना.

बाईंनी दंडावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या दिल्या. "रोज एक लावा. आणि तलफ आली की हाताला काम द्या."

मामांनी हाताला मिशीचं काम दिलं. पंधरा दिवसांत तिला असा पीळ चढला, की टोकं भुवयांची चौकशी करू लागली.

मग एका दुपारी पाइप उचलताना मामांची बाही वर सरकली आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना पट्टी दिसली. फाटकावरचा फलक सांगत होता, 'अपघाताविना ३६४ दिवस'. उद्याचा दिवस निभावला की सगळ्यांना भरपगारी सुट्टी होती.

"मामा, जखम लपवलीत?"

"डास चावला."

"एवढी पट्टी लागते डासाला? नियम म्हणजे नियम. नोंद होणार."

नर्स धावत आली, मागून स्ट्रेचर आलं. फलकावर शून्य लिहायला एक जण शिडी चढलासुद्धा. साठ जोडी डोळे मामांवर खिळले.

"उतर रे खाली," मामा गरजले. "सिगरेटचं औषध आहे ते. पंधरा दिवसांत एक ओढली नाही आणि ओढणारही नाही. कुणाला हसायचं असेल त्याने हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. एकाने फक्त वस्तरा आणून दिला.

संध्याकाळी मामा एका दमात जिना चढले. बायकोने दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

"मीच आहे. सिगरेट सोडली म्हणून—"

"माहितीये. पंधरा दिवस धुण्यात तुमच्या पट्ट्या सापडताहेत."

मामांना भरून आलं आणि नेमकी तलफही आली. हात सवयीने ओठांवर गेला आणि रिकामा परतला.

"आता हाताला काम काय देऊ?" त्यांनी विचारलं.

बायकोने लसणाची परडी पुढे सरकवली.