घोड्याचं काम

आमच्या शेजारचे गवई काका रोज दिवेलागणीला घोडा होतात. अंगणातल्या खुर्चीवर बसतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, मोबाइल हातात घेतात आणि पुढचा तासभर ते राजवाड्याच्या पागेतला पांढरा घोडा पवनवेग असतात. त्या वेळात कोणी भेटायला आलं, तर काकू स्वयंपाकघरातूनच सांगतात, "बसा जरा. थे आता पागेत हायेत."

काका वीज खात्यात होते. नोकरी होती तोवर खांबावर चढायचे, निवृत्त झाल्यावर लोकांच्या डोक्यावर चढू लागले. "सांगू काय?" हा त्यांचा प्रश्न. उत्तराची वाट ते पाहत नाहीत. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूने पाण्याची टाकी कोणत्या कोपऱ्यात ठेवावी, दूधवाल्याने गाडी कशी वळवावी आणि माझ्यासारख्या शाळामास्तराने पोरांना पाढे कसे शिकवावेत, हे सगळं त्यांनी सांगून झालेलं आहे. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला बायकोशी कसं वागावं हे त्यांनी मला सांगितलं, बायकोसमोर. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात अवजार असतानाही ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, असं डॉक्टरच म्हणाले.

असा माणूस घोडा कसा झाला, तर टीव्हीवर राजेरजवाड्यांची एक मालिका लागायची. तिच्या चाहत्यांचा मोबाइलवर ग्रुप होता. काका त्यात शिरले. पुढे मालिका संपली, पण चाहत्यांची हौस संपली नाही. त्यांनी ते राज्यच आपसांत वाटून घेतलं. कोणी महाराणी झालं, कोणी सेनापती, कोणी कपटी दिवाण. ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडचं लिहायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. सगळी पंचविशीच्या आतबाहेरची मुलं, एकमेकांना कधी न पाहिलेली.

काका सुरुवातीला नुसतेच प्रजेत होते. पण प्रजेत राहून त्यांनी सेनापतीला तलवार कशी धरावी ते सांगितलं, महाराणीला खजिना कसा राखावा ते सांगितलं, आणि दिवाणाला कपट कसं करावं तेही सांगितलं. दिवाण रुसला. शेवटी महाराणीने, म्हणजे नाशिकच्या एका कॉलेजकुमारीने, फर्मान काढलं की गवई काकांनी एखादं पात्र घ्यावं, नाहीतर राज्य सोडावं. पात्र एकच उरलं होतं, घोड्याचं. आणि घोडा बोलणार नाही, असा नियम होता.

"आणि तुम्ही कबूल झालात?" मी विचारलं.

"मंग करू काय? राज्य सोडून जाऊ कोठी? घरात तुमची काकू ऐकत नाही."

घोड्याला फक्त कृती करता येते. ती दोन फुल्यांच्या मध्ये लिहायची. मान हलवतो. खूर आपटतो. हरभरे खातो. काकांनी हे काम मनापासून केलं. जवळच्या भातकुली गावात एकाकडे वरातीची घोडी आहे. तिच्यासमोर अर्धा दिवस बसून ती रागावली की कान कसे मागे नेते, ते पाहून आले. घोडीवाल्याला खरारा कसा करावा हे सांगून आले, ते ओघाने आलंच.

त्या राज्यात चंपा नावाची एक दासी होती. गोष्टीत तिला फारसं काम नव्हतं. दरबारात दिवाणाचे डाव रंगलेले असताना ती पागेत यायची आणि घोड्याशी बोलत बसायची. "पवनवेगा, आज राणीसाहेबांनी मला सगळ्या दासींसमोर वेंधळी म्हटलं." काकांच्या लवकरच लक्षात आलं, की ह्या राणीसाहेब म्हणजे नाशिकची मुलगी नव्हे, चंपाच्या ऑफिसातली कोणी वरिष्ठ बाई. चंपा मूळची रत्नागिरीकडची. नोकरीसाठी कुठल्याशा मोठ्या शहरात एकटी खोली घेऊन राहत होती.

घोडा यावर काय करणार? तिच्या खांद्यावर मान टेकवतो. एवढं लिहून काका फोन ठेवायचे आणि कुंपणाशी येऊन मला हाक मारायचे.

"सर, त्या पोट्टीले सांगा लागते, का बाई, तू त्या बाईसमोर मान खाली घालून उभीच काहून राहतं?"

मग वरिष्ठांशी कसं बोलावं, डबा वेळेवर कसा खावा, घरमालकिणीला कुठवर जुमानावं, हा चंपासाठीचा सगळा सल्ला मला मिळायचा.

"काका, हे तिलाच लिहा ना," मी एकदा कंटाळून म्हणालो.

"कसं लिहू? मी घोडा होय ना, सर."

एका रविवारी दुपारी ते अवेळी कुंपणाशी आले. फोन माझ्यापुढे धरला. चंपाने लिहिलं होतं, "पवनवेगा, आज घरी फोन केला. आईला म्हटलं, सगळं ठीक आहे. बाबांशी बोललेच नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असतं. मग सांगावंसंच वाटत नाही."

मी वाचलं आणि सल्ल्याची वाट पाहिली. काकांनी फोन खिशात टाकला आणि घरात निघून गेले.

काकांची मुलगी शुभांगी अकोल्याला दिलेली आहे. मागे दिवाळीला माहेरी आली होती, तेव्हा काही सांगू पाहत होती. "बाबा, माझं आन् ह्यांचं..." इथपर्यंत ती आली. पुढे संसार कसा करावा, यावर काका जेवणं होईपर्यंत बोलले. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे ते मलाही पाठ झालं. त्यानंतर शुभांगीचा फोन फक्त आईला यायचा. काका विचारायचे, "काय म्हने?" काकू म्हणायच्या, "काही नाही. बरी हाय."

त्या सोमवारी काका बसने अकोल्याला निघाले. काकूंनी मुगवड्यांची पिशवी हातात दिली.

"तथी जाऊन भाषन नका देऊ."

"नाही देत."

"तोंडात सुपारी ठेवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे बसलो होतो, तेव्हा शुभांगीचा फोन आला. काकूंना कानाशी धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या फोन मोठ्या आवाजात लावतात.

"आई, बाबाची तब्येत बरी हाय ना?"

"काहून? काय झालं?"

"काल आल्यापासून काही बोलूनच नाही राहिले. मी बोलली तं नुसते ऐकून राहिले."

"मंग तू बोल ना."



"बोलली मी," शुभांगी म्हणाली. "लय बोलली."

काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता चहा टाकायला उठल्या.

काका आठवड्याने परत आले. मी फाटकाशीच होतो. रिक्षातून उतरले, पिशवी खाली ठेवली. थकलेले दिसत होते.

"शुभांगी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी नाही," काका म्हणाले.

"का? काय झालं?"

काकांनी पिशवी उचलली.  

"थे तिनं मलेच सांगतलं, सर," ते म्हणाले, आणि घरात गेले.