गजभियेसाहेबांचा सहावा विषय

गजभियेसाहेब कुणाला "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "विषय किती?" असं विचारतात.

एका लग्नात त्यांनी स्टेजवर आहेराचं पाकीट देता देता नवरदेवाला विचारलं, "दहावीला विषय किती होते?" तो म्हणाला, "पाच." "सहावा नव्हता?" "नाही." साहेबांनी नवरीकडे असं पाहिलं, जणू बिचारीची फसवणूक झाली आहे. मागे जेवणाची रांग खोळंबली होती. त्यांना त्याचं काही नाही.

भाजीसुद्धा ते याच हिशेबाने घेतात. पाच अनिवार्य, एक अतिरिक्त. मी एकदा विचारलं, एकट्या माणसाला सहा भाज्या कशाला? तर म्हणाले, "ताई, भेंडी किडकी निघाली तर तिच्या जागी भोपळा बसवता येतो. तरतूद आहे."

"तरतूद आहे" हा त्यांचा मंत्र. पाणी गेलं, तरतूद आहे. कुणाची गाडी कुणाच्या जागेवर लागली, तरतूद आहे. शिक्षण खात्याशी त्यांचा संबंध एवढाच की लहानपणी शाळेत गेले होते. नोकरी झाली केंद्र सरकारच्या टेबलखुर्च्या खरेदी करणाऱ्या कचेरीत. पण निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, फिरायला जातात, हे केंद्रीय बोर्डाचे नियम वाचत बसले. कोणत्या विषयाबरोबर कोणता घेता येतो, कोणत्याच्या जागी कोणता चालतो, सगळं तोंडपाठ.

आम्ही नागपूरहून दिल्लीला आलो ते मुलाच्या बदलीमुळे. मयूर विहारच्या घरात अजून खोकी उघडायची होती, तोच तळमजल्यावरचे साहेब दारात. माझी नात प्रज्ञा नववीत जाणार होती, तिला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मग माझ्याकडे वळले.

"तुमचं शिक्षण, ताई?"

"चौथी. पुढे शेण, पाणी आणि पाठची तीन भावंडं."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे पाच झाले. सहावा घेतला असता तर बरं होतं."

मी त्याच वेळी ठरवलं, हा माणूस वेडा आहे, पण याला चहा द्यायला हरकत नाही.

त्यांचं म्हणणं होतं की प्रज्ञाने मराठी सहावा विषय घ्यावा. माझा मुलगा हसला. "काका, तिला ओझं कशाला? आणि हिंदी काय, आपल्याला येतेच. आम्ही नागपूरचे."

हा नागपूरच्या माणसाचा जुना रोग आहे. रिक्षावाल्याशी हिंदीत भांडता येतं, म्हणून त्याला वाटतं हिंदी आपल्या घरची. साहेब म्हणाले, "भांडण ही तोंडी परीक्षा झाली. लेखी वेगळी असते. दोन भाषांपैकी एक गेली आणि तिसरी पास असली, तर तिसरी तिच्या जागी बसते. तरतूद आहे."

मुलाला वेळ नव्हता, म्हणून शाळेत साहेबांबरोबर मी गेले. मोठ्या बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अंकल, हमारे यहाँ मराठी का टीचर ही नहीं है."

"टीचर नहीं चाहिए. परीक्षा में बैठने दीजिए. पढ़ाएँगे हम."

"मराठी पढ़कर दिल्ली में करेगी क्या?"

"पास होगी, मॅडम."

मोठ्या बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. अर्ध्या तासाने बाईही हसायच्या थांबल्या आणि मराठीसाठी प्रज्ञाचं नाव लिहून घेतलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला साहेब शिकवायला येऊ लागले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. शिकवणं भयंकर. निबंधाला ते "प्रस्ताव" म्हणत आणि कविता समजावताना "वरील विषयास अनुसरून" असं सुरू करत. 'आई' या विषयावरचा निबंध त्यांनी असा काही सांगितला की आई नसून ती एखादी कचेरी आहे असं वाटावं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "साहेब, आईला निदान पोळी तरी लाटू द्या." त्यांनी विचार केला. "पोळी घाल," प्रज्ञाला म्हणाले, "परिच्छेद दुसरा."

प्रज्ञाचे दोन्ही आजोबा वारलेले. ती साहेबांना "अतिरिक्त आजोबा" म्हणायला लागली. त्यावर ते रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी चॉकलेट आणलं आणि कुणाला न सांगता तिच्या दप्तराजवळ ठेवलं.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी माझा मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. हिंदीचे मार्क वाचले आणि मोबाइल पालथा ठेवला. तेवढ्यात वर्गाच्या बाईंचा फोन आला, हिंदी में रह गई, अकरावीचं नंतर बघू. प्रज्ञा पलंगावर पडून रडत होती. सून तिच्या शेजारी बसून रडत होती. नापास होणारी घरात एक आणि रडणाऱ्या दोन, हे मला पटलं नाही. मी साहेबांना फोन केला.

ते आले आणि थेट प्रज्ञाला विचारलं, "हिंदीत निबंध कशावर होता?"

"जीवन में चेष्टा का महत्त्व."

"काय लिहिलंस?"

"की चेष्टेने घर हसतं राहतं," ती हुंदके देत म्हणाली. "की माझी आजी सगळ्यांची चेष्टा करते, म्हणून आमच्याकडे कुणी उदास नसतं. पण पाहुण्यांची चेष्टा करू नये. दोन पानं लिहिलं मी."

साहेबांनी डोळे मिटले. "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

सुनेने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. मग मी हसले. काय करणार? पुढे कळलं, बाकीच्या पेपरातही व्यक्ती 'आली' होती आणि आत्मा 'गेला' होता. हिंदीत तो आत्मा बाई असतो म्हणे आणि व्यक्ती पुरुष.

"चला," साहेब म्हणाले, "शाळेत."

शाळेत मोठ्या बाईंनी निकाल कॉम्प्युटरवर काढून ठेवलाच होता. "हिंदी में फेल है, अंकल. मैं क्या करूँ?"

"नीचे तक पढ़िए."

"पढ़ लिया."

"नहीं पढ़ा. आपने हिंदी तक पढ़ा. इन्होंने भी हिंदी तक पढ़ा," माझ्या मुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "सबसे नीचे क्या लिखा है?"

बाईंनी चष्मा सारखा केला. खाली खाली गेल्या. मराठीची ओळ आली, मार्क उत्तम. त्याच्याही खाली गेल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"पास," त्या म्हणाल्या. "पास लिखा है जी."

"अकरावी?" माझ्या मुलाच्या तोंडून मराठीच निघालं, पण बाईंना कळलं. "एडमिशन हो जाएगा. बिल्कुल हो जाएगा."

साहेब उभे राहिले. मला वाटलं आता भाषण करतील. त्यांनी फक्त शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "थँक्यू, मॅडम." बाहेर आल्यावर मात्र फाटकावरच्या गार्डला थांबवून सांगितलं, "पाँच में पास. छठे के ज़ोर पर!" त्याला काही समजलं नाही, पण त्याने सलाम ठोकला. दुपारपर्यंत साहेबांनी सोसायटीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांच्या बेल वाजवल्या. ज्यांनी वर्षभर त्यांना पाहून खिडक्या लावल्या होत्या, ते आपापली मुलं घेऊन खाली उभे होते.

आणि संध्याकाळी पाचला आमची बेल वाजली. साहेब दारात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"मराठीत अजून मार्क वाढू शकतात," ते म्हणाले. "पुन्हा बसायची तरतूद आहे."

"आजोबा, आता पुरे ना!" प्रज्ञा म्हणाली.

"बरं. ठीक आहे." ते वळले, पण पायरी उतरले नाहीत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कठड्याला धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, जरा बसू का? टोंगळे लय दुखून राहिले."

आजवर हा माणूस टाइप केलेल्या पत्रासारखा बोलत आला होता. मी खुर्ची पुढे केली.

"डॉक्टरला घुटना सांगतो," ते बसत म्हणाले. "मुलाला फोनवर नी-पेन सांगतो. टोंगळा म्हटलं की समजणारी ती एकच होती. तिला जाऊन चार वर्षं झाली."

"दुखत होते तर रोज कशाला चढलात?"

"शिकवणी होती."

"आणि आज?"

त्यांनी छताकडे पाहिलं, पेन काढलं, पुन्हा लावलं. कुठलीच तरतूद सापडली नाही.

"उद्यापासून चढायचं नाही," मी म्हटलं. "पाचला आम्ही दोघी खाली तुमच्याकडे येऊ."

"विषय कोणता?"

"विषय नाही. चहा."

"घर आवरलेलं नाही, ताई. आणि कपसुद्धा..."

"कप मी आणते."

निघाले तेव्हा प्रज्ञा त्यांचा हात धरून जिना उतरायला लागली. मी दार उघडंच ठेवलं होतं. खालून साहेबांचा आवाज येत होता, "टोंगळा, पुल्लिंगी. अनेकवचन टोंगळे. म्हण."

आणि ती म्हणत होती.