बंब कोठे होता, याची बखर

श्री अग्निनारायण साक्षी. दुसरा साक्षी या नगरीत मिळाला नाही, म्हणोन त्यासच वंदन करून हकीकत लिहितो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमी, टळटळीत दुपार. ते दिवशी श्रीमंत नगराध्यक्षांचे कन्येचे लग्न मांडिले होते, आणि अवघे नगर पंक्तीस बैसले होते, आणि मैदानी धुरळा फार उडो लागला, तो वऱ्हाडाचे फेट्यांवर बसेल म्हणोन आग विझवावयाचा सरकारी बंब तेथे नेऊन पाण्याचा सडा घालविला. नगरात बंब एकच. त्याच वेळेस गवंडी गल्लीत तुळशीराम खडके, गाद्या भरणारा, याचे घरास आग लागली, आणि घरात कापूस, तो भडकला, आणि तुळशीराम आत कोंडला, आणि त्याची स्त्री हिराबाई इने बंबाचे कचेरीस फोनावर फोन केले. बंब आला तो मंगलाष्टके आटोपून आला, आणि टाकीत पाण्याचा थेंब नाही. तुळशीराम गेला.

मग दरबाराने चौकशी बसविली. चौकशीने लिहिले की, बंब सज्ज होता, परंतु घरच्या बाईने खबर उशिरा दिली. येणेप्रमाणे धन्याचे मरण हिराबाईचे माथी मारिले, आणि जिलब्या जेवलेले नगर, ज्याने बंब डोळ्यांनी पाहिला होता, तेही "बाईनं उशीर केला हो" म्हणो लागले. सासरे भिवाजी, वय झालेले, त्यांनी तेच खरे मानून सुनेशी बोलणे टाकिले. भाकरी वाढली तर खावी, पाणी मागणे ते भिंतीकडे पाहून मागावे. लोक बोलले ते बाईने सोसले, पण हे सोसवेना. आपण उशीर केला नाही, हे सासऱ्यांस सरकारी कागदावर दाखवावे, येवढ्या एका हेतूने ती माहितीचे अधिकाराचा अर्ज घेऊन नगरपालिकेत गेली.

तेथे माहितीनवीस गणोरकर पंख्याखाली विराजमान होते. बाई म्हणाली, "साहेब, मला लई मोठं काय नको. माझं घर जळत हुतं तवा बंब कुठं हुता, येवढंच लिहून द्या."

"बाई, ते तुम्हालाही ठाऊक, मलाही ठाऊक. जेवायला मीही होतो. मग कागद कशाला?"

"तुमाला ठाऊक हाय तर लिवा की!"

"ठाऊक असणं वेगळं आणि दप्तरी असणं वेगळं," ऐसे बोलून साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि चहा मागविला.

मग उत्तर आले की, बंबाचा चालक हा त्रयस्थ इसम, त्याची माहिती देता येत नाही. बाईने फिरून अर्ज केला, तेव्हा उत्तर आले की, 'आग' या शब्दाचा अर्थबोध होत नाही, कोणती आग ते स्पष्ट करावे. ऐसी ही निर्लज्ज लेखणी! मग बाई अपिलात गेली. अपिलाचे साहेब मोठे कायदेपंडित, त्यांनी विचारिले, "यात व्यापक जनहित काय?" बाई म्हणाली, "माझा एकच माणूस गेला साहेब. जनहिताला किती लागत्यात?" साहेबांनी पुढली तारीख दिधली, आणि मग आणखी एक दिधली. बाई दुसऱ्यांच्या गाद्या शिवून पोट भरी आणि तारखेस हजर राही. शेवटी वरिष्ठ आयोगाचा हुकूम सुटला की, बंबाचे नोंदीची नक्कल विनाविलंब द्यावी.

तेव्हा दरबाराची पाचावर धारण बसली. रातोरात मसलत जाहली, आणि जी नोंद इतके दिवस दिसत नव्हती ती सकाळी कोरी करकरीत सापडली. हिराबाई सासऱ्यांस हाताला धरून कचेरीत गेली, आणि गणोरकरांनी नोंद मोठ्याने वाचिली: "खबर तत्काळ मिळाली. बंब तत्काळ रवाना. आग पूर्ण विझवली. घरमालक तुळशीराम खडके यांनी काम समाधानकारक झाल्याची सही केली."

आधीचे चौकशीत खबर उशिरा, येथे तत्काळ. शिक्का दोहोंवर एकच, आणि दोन्ही कागद एका कपाटात गुण्यागोविंदाने नांदत होते. गणोरकर म्हणाले, "घ्या बाई. तुमच्यावरचा ठपकाही गेला." बाई त्या सहीकडे पाहत राहिली.

भिवाजी मात्र काठी टेकीत टेबलापाशी आले. "सही माझ्या पोरानं केली? आग इझल्यावर?"

"होय आजोबा. तसं दप्तरी आहे."

"मग त्यो घरी का न्हाई आला?"

गणोरकरांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला आणि खाली पाहून म्हणाले, "त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल."

तेव्हा म्हाताऱ्याने सुनेकडे तोंड वळविले, आणि त्या दुपारनंतर प्रथमच तिचे नाव घेतले. "हिरा," म्हणाले, "चुकलं माझं. लिही, पोरी." आणि बाईने तेथेच फरशीवर बसून, डोळे पुशीत, अर्ज लिहिला की, सही केल्यावर माझे धनी कोठे गेले ते कळवावे.

त्यास उत्तर मुदतीत आले. शिक्क्यानिशी एक शब्द: निरंक.

इतुकीच हकीकत. बंबाचा ठाव दप्तरी लागला, तुळशीरामाचा लागला नाही. श्रीमंत पुढील निवडणुकीस बिनविरोध आले. लेखनसीमा.