एकतीस डब्यांतलं पत्र

"‘स्टॅश’ म्हणजे काय गं?" तात्यांनी सुनेच्या वहीत डोकावत विचारलं. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. सासऱ्यांना सत्तरीत अक्षरओळखही तिनेच करून दिली होती.

"लपवून साठवणं, बाबा. पण हा शब्द आला कुठून, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही."

"ज्यानं ठेवला तोच विसरला असणार," तात्या म्हणाले आणि त्यांची नजर माळ्याकडे गेली.

एक पत्र त्यांनीही असंच ठेवलं होतं. लग्नानंतर ते परगावी गोदामात कामाला असताना बायकोने पाठवलेलं, एकुलतं एक. स्वतःला वाचता येईना, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज. शेवटी सुट्टीत घरी आल्यावर "वाचलं, छान लिहिलंयस," असं त्यांनी ठोकून दिलं. आणि आज सकाळी बायको म्हणाली होती, "उद्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. पत्रात मागितलं होतं, ते आता तरी द्या." एवढं बोलून ती बाजारात गेली.

गोदामात तात्यांची एक रीत होती. मोलाची वस्तू भंगाराच्या डब्यात टाकायची आणि डब्यावर फुली मारायची. चोर फुलीकडे बघत नाही. अडचण एवढीच, की घरातल्या खऱ्या भंगारावरही त्यांनी फुल्याच मारल्या होत्या. माळ्यावर असे एकतीस डबे होते, आणि पत्र त्यांतल्याच कुठल्या तरी एकात.

"बाबा, उतरा! शिडी हलतेय!"

"मग धर की! तोंड काय चालवतेस?"

पहिल्या डब्यातून गंजके खिळे सांडले. चौथ्यातून कुलपं हरवलेल्या किल्ल्या. सातव्यातली गेरूची पूड थेट सुनेने तपासलेल्या वह्यांवर. नवव्यात तात्यांच्या आईचा चष्मा निघाला, एका काडीऐवजी दोरा बांधलेला. तात्या तो हातात घेऊन शिडीवरच बसून राहिले.

"बाबा, सासूबाई येतील!"

पत्र एकोणिसाव्या डब्यात सापडलं, आणि बायको दारात उभी राहिली.

"हा काय बाजार मांडलाय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तात्या अक्षर अक्षर जुळवत वाचू लागले. "तुम्हाला वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. कुणाकडून वाचून घेऊ नका. स्वतः शिका आणि मला उत्तर लिहा. एवढंच मागणं."

"तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"इतकं तोंडभरून कौतुक करत होतात. मन मोडवेना हो."

तात्यांनी सुनेचं लाल पेन घेतलं, गोदामात रोज कानावर पडणारी पोचपावती आठवली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं:

‘पत्र मिळाले. माल सुस्थितीत. पोचायला उशीर झाला.’