राजाक्कानं नवरा सोडला त्याची गोष्ट

राजाक्काला कोणी नाव विचारलं, तर ती आधी नवऱ्याला सोडल्याचं सांगते आणि मग नाव. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला नवा माणूस दारातून नुसतं "मालक हाईत काय?" विचारतो. उत्तर चौकापर्यंत ऐकू जातं, "मालक मीच! नवऱ्याला सोडलंय मी. ठेवा आत, आन् आधी वजन करून दावा!" तो बिचारा मुकाट्यानं वजन करून दाखवतो.

उचगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स काढणं, फॉर्म भरणं आणि सरकारी वेबसाइट उघडायची वाट बघणं, असा तिहेरी धंदा. गल्लीतल्या बहुतेक भानगडींची एक तरी प्रत माझ्या नजरेखालून जाते. राजाक्काच्या भानगडीची मात्र प्रत काढायची वेळच आली नाही. ती स्वतःच फुकट वाटत फिरायची.

अक्का मसाला कांडायच्या गिरणीत कामाला आहे. चटणीच्या हंगामात ती कामावरून परतली की गल्ली शिंकून तिचं स्वागत करते. नवरा गेला (तिच्या भाषेत 'घालवला') त्याला वर्ष होत आलं. पदरात सहा वर्षांची समू. दुसऱ्या कोणी अशा वेळी डोळ्याला पदर लावला असता. अक्कानं जमाखर्च मांडला, आणि तोही तोंडी, नळावर, सगळ्यांसमक्ष.

"नवरा म्हंजे घरातलं सगळ्यात म्हागडं सामान बघा! पेट्रोल त्येला, तंबाखूचा मावा त्येला, आयतवारी अर्धा किलो मटण, आन् ते खायला चार दोस्त. आता पावशेरात माझा तांबडा हुतोय आन् पांढराबी हुतोय."

होत असेल. पण तिच्या वाटीत नुसताच रस्सा दिसायचा. मटण सगळं समूच्या ताटात.

फ्रीजचा हप्ता आला की ती आणखी तापायची. "फ्रीज माझ्या नावावर, हप्तं माझ्या नावावर. गार पाणी पिऊन गेला त्यो!"

बँकेत दोघांचं जॉइंट खातं होतं. ते बंद करायला दोघांची सही लागेल, असं साहेबांनी सांगितलं. अक्कानं काउंटरवर हात आपटला. "एका सहीसाठी त्येला परत नांदवू व्हय, पावणं?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. शेवटी अक्कानं एकटीच्या नावावर नवं खातं उघडलं आणि लोक पेढे वाटतात तशी पासबुक दाखवत गल्लीभर फिरली. खात्यात शिल्लक किती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मी तिला तोंडावर 'अर्थमंत्री' म्हणायचो. मनातून मला कीव यायची ती नवऱ्याची. तो गारगोटीकडं टेम्पो चालवतो, एवढंच कळलं होतं. अशा तोफखान्यापुढं कोण टिकणार, असं माझं आपलं मत, आणि गल्लीतल्या समस्त मर्दांचंही तेच.

यंदा समूच्या शाळेनं फी वाढवली. शाळेची व्हॅनही महागली. अक्काचा पगार तेवढा जिद्दीनं जागच्या जागी राहिला. तेव्हा मीच तिला सांगितलं की एकट्या आईच्या किंवा बापाच्या लेकरासाठी दरमहा थोडे पैसे देणारी एक सरकारी योजना आहे. सरकार उदार आहे. फक्त त्या उदारपणापर्यंत पोचायला कागदांचा डोंगर चढावा लागतो.

डोंगर आम्ही चढलो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, समूच्या शाळेचा दाखला, सगळं घेऊन कचेरीत टेबलापुढं उभे राहिलो.

"कोर्टाचा निकाल आहे?" क्लार्कनं विचारलं.

"न्हाय. वकिलाला द्यायला पैसं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"मग 'पतीने सोडून दिले आहे' असं लिहून द्या. खाली साक्षीदाराची सही."

"त्यानं न्हाय सोडलं. मी सोडलंय त्येला."

"बाई, पत्नीनं पतीला सोडल्याचा रकाना नाही इथं."

"मग पाडा की! रेघ मारायला किती येळ लागतोय?"

क्लार्कनं माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. मी हळूच म्हणालो, "अक्का, एकच ओळ तर आहे."

"खोटं लिवू व्हय? सरकारला?"

 सरकारशी खरं बोलायचा हट्ट धरणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

कागद तसेच परत आले. अक्का आता गिरणीतून आल्यावर घरीही मिरच्या भाजून द्यायला लागली. हातांची आग व्हायची म्हणून ती बोटांना तेल लावून बसायची. तिकडं शाळेनं निरोप धाडला होता, फी भरा नाहीतर मुलीला दुसरी शाळा बघा. मी येता-जाता तिला सुनावत होतो, "तुझा तोरा मोठा की पोरगी मोठी?"

"तुमास्नी कळायचं न्हाय दादा," म्हणून ती पुढं जायची. मी म्हणायचो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

अर्ज द्यायची मुदत संपत आली, तेव्हा एका दुपारी ती दुकानात आली. समू शाळेत होती. अक्कानं आधी बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि हळू आवाजात बोलली. तिला हळू आवाज आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

"लिवा दादा. नवऱ्यानं सोडून दिलं."

सवयीनं मी टोमणा मारलाच. "झाली का खोटं लिहायची तयारी?"

"खोटं कुटलं? खरंच हाय ते."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली.

"त्योच गेला. मला तुम्ही दोघीबी नको, असं तोंडावर सांगून गेला. दोघीबी म्हणाला. माझं ऱ्हाऊ दे, माझं कायबी हुईल. पर समूला काय सांगू? बापाला तू नको हुतीस म्हणून सांगू?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी सांगितलं, मीच घालवलाय त्येला. दुसरं कायबी तिच्या कानावर पडाय नको, म्हणून तर गल्लीभर वरडत फिरलो. माझ्यावर लई चिडती. चिडू दे. माझ्यावर चिडून कुटं जाणार हाय ती? पर बापाला आपण नको हुतो म्हटल्यावर लेकरानं कुणाकडं बघायचं?"

 वर्षभर मी ज्याची कीव करत होतो, त्या माणसाचा मला संताप आला. मी ओळ टाइप केली. साक्षीदार म्हणून सही केली.

"अर्ज देईस्तवर कागद घरात नगोत," ती म्हणाली. "आता वाचाय लागलीया ती. दिसंल ते वाचती. तुमच्या कपाटात ऱ्हाऊ द्यात."

मी कागद आत ठेवतोय तोवर व्हॅन आली. समू उतरली आणि तिनं दारातूनच विषय काढला. "मम्मी, माझ्या वाढदिवसाला पप्पांना बोलव की. एकदाच."

अक्काचा आवाज क्षणात चौकापर्यंत गेला. "न्हाय म्हंजे न्हाय! सोडलंय मी त्येला. दारात उभा करणार न्हाय!"

"ते आले असते," समू रडत ओरडली. "तूच येऊ देत न्हाईस. लई वाईट हाईस तू!"

"हाय! हायच मी वाईट!"

समूनं रागानं तिच्याकडं पाठ फिरवली. आणि तशीच, मागं न बघता, आईनं पाठीवरचं दप्तर काढून घ्यावं म्हणून तिनं दोन्ही हात मागं केले.