मांजर घेतल्याशिवाय खाली उतरू नये

"उद्या इमारतीला आग लागली, तर तुम्ही सगळे भाजून निघाल! आमचं मांजर तेवढं वाचेल!"

काकांनी हे भर सभेत, चेअरमनच्या तोंडावर सुनावलं होतं. काका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. इमारतीत त्यांना पाठीमागे 'तोफखाना' म्हणत आणि समोर कुणी काहीच म्हणत नसे. जिन्यात सायकल दिसली की तोफ उडे, लिफ्टचं दार उघडं राहिलं की उडे, आणि काहीच झालं नाही तर काहीच कसं होत नाही म्हणून उडे.

चिमी हे तपकिरी मांजर खरं म्हणजे काकूंचं. काका तिचा उल्लेख 'ती बया' असाच करत. पण बयेच्या सुटकेची तयारी त्यांनी युद्धपातळीवर केली होती. दाराजवळ झाकणाची टोपली. टोपलीत खाऊचे डबे, पाण्याची बाटली आणि अंथरायला काकांचा जुना तपकिरी स्वेटर. सवय व्हावी म्हणून टोपली कायम उघडी असे, आणि बया दुपारभर तिच्यातच लोळे. बाहेर दारावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात पाटी: 'आत मांजर आहे. लपून बसते. मांजर घेतल्याशिवाय खाली उतरू नये. हुकमावरून.'

"हुकूम कुणाचा?" काकूंनी विचारलं होतं.

"माझा! बंबवाल्यांना कुणीतरी शिस्त लावायला नको?"

आणि एका दुपारी मीटरच्या खोलीत खरोखरच जाळ झाला. वीज गेली, पुढच्या जिन्यात काळा धूर चढला, चेअरमन "खाली चला, खाली चला!" म्हणून बोंबलू लागले. काकांचा चेहरा उजळला! अंधाऱ्या पॅसेजमध्ये टोपलीत तपकिरी गाठोडं दिसताच त्यांनी झाकण आपटलं, कडी घातली, दाराला कुलूप ठोकलं आणि काकूंना पुढे घालून मागच्या जिन्याने थेट अंगण गाठलं.

"अहो, तिचा आवाज नाही येत."

"शिस्त! सराव घेतलाय मी तिचा. तुझ्यासारखी किंचाळत नाही ती!"

अंगणात कुणी अनवाणी, कुणी अर्ध्या दाढीने उभे होते. काकांनी टोपली उंच धरून व्याख्यान सुरू केलं. बंब आला, जवान वर गेले, जाळ विझला. आणि मग वरून धाडधाड आवाज यायला लागले. दार फुटलं. पाठोपाठ काच फुटली.

"कुठल्या गाढवाचं घर आहे हे?" काका खूश झाले. "काहीतरी मूर्खपणा करून ठेवला असणार!"

तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून सोफ्याची गादी खाली आली. फुलाफुलांची, काकूंनी स्वतः शिवलेली.

काका बंबाच्या साहेबावर तुटूनच पडले. "अक्कल गहाण ठेवलीय का तुम्ही लोकांनी? माझं घर आहे ते!"

"काका, दारावर पाटी आहे. मांजर मिळेना, म्हणून आमचे जवान कपाटं सरकवतायत."

"मांजर माझ्या हातात आहे! पाटी काढायची राहिली, म्हणून काय घर पाडाल? वर्दी उतरवीन एकेकाची! हे बघा, डोळे उघडून बघा!"

काकांनी झाकण उघडलं. आत स्वेटर होता. डबे होते. बाटली होती.

साहेबाने वाकून पाहिलं. चेअरमननेही पाहिलं.

"माझी चिमी धुरात कोंडून आलात तुम्ही?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

"अगं, ती... तिने खरं म्हणजे आत असायला..."

"कुलूप कुणी लावलं?" एवढ्या वर्षांच्या संसारात न चढलेला आवाज आज चढला. "जन्मभर जगावर डाफरलात! एकदा स्वतः वाकून बघायला काय झालं होतं? तिला काही झालं ना, तर पुन्हा तोंड उघडायचं नाही माझ्यासमोर!"

मान वर करून काका जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबू नका रे! धुण्याच्या मशीनमागे बघा! पलंगाखाली बघा! माझ्या बुटांच्या खोक्यात शिरते ती!"

बाल्कनीतून एका जवानाने डोकं काढलं. "काका, माळा तोडला तर चालेल?"

"तोड बाबा, तोड! भिंत पाड!"

बऱ्याच वेळाने तो जवान खाली आला. त्याच्या कॉलरला नखं रोवून, चुन्याने पांढरीफटक पडलेली चिमी लटकली होती. काकू पुढे झाल्या, पण झडप घातली काकांनी. आता तोफ उडणार म्हणून लोक दोन पावलं मागे सरले.

"चिमे..." एवढंच निघालं तोंडून. बयेने नाकावर पंजा ओढला, तरी काकांनी तिला सोडलं नाही.

"काका, रडताय?" चेअरमनने विचारलं.

"धूर! डोळ्यांत धूर गेलाय माझ्या!"

"धूर केव्हाच निवळला," काकू म्हणाल्या.

"मग माझ्या वाट्याचा राहिला असेल!" काका खेकसले.