अंबड ते टोरंटो, व्हाया लंडन

आमच्या शेजारच्या भानुदासकाकांच्या ओसरीवर वेळापत्रकाचा फळा होता. एसटी स्टँडवर असतो तसाच, काळ्यावर पांढरी अक्षरं. त्यावर गाडी मात्र एकच: 'अंबड–टोरंटो, व्हाया जालना, मुंबई, लंडन.' नवखी माणसं तो वाचत उभी राहायची आणि आष्टीची गाडी कुठे लागते म्हणून विचारायची. काका तेही सांगायचे.

काका अंबडच्या स्टँडवरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. एकुलती एक लेक सुनंदा लग्न होऊन कॅनडात गेली आणि काकांनी विमानांचा कारभार परस्पर हाती घेतला. "मुंबई-टोरंटो साडेबारा हजार किलोमीटर. मधी लंडनला एकच थांबा, चहापान्याला. आपली जाफराबादची गाडी सतरा ठिकानी थांबती!" विमानाला उशीर झाला असं कुणी म्हटलं की ते भडकायचे. "डायवरला मेमो द्याया पायजे!" स्वतः त्यांनी विमान पाहिलं होतं ते फक्त डोक्यावरून जाताना. काकू म्हणायच्या, "ह्यांला टोरंटोचा टाइम पाठ हाय, जेवनाचा न्हाई."

या काकू एका मे महिन्यात, सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी काकांना घेऊन एसटीडी बूथवर गेलो. पलीकडून सुनंदा रडत होती, "आप्पा, मी निघते."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोटं मोजली. "तिकीट, विमान, मंग मुंबईहून गाडी... परवा रात्री पोचशील. उन्हाळा हाय बाई, तवर ठेवता न्हाई येनार. येऊ नको."

हिशेब बिनचूक होता. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. गावानेही काकांच्या खंबीरपणाचं कौतुक केलं.

सुनंदा आली ती दिवाळीला. "आई दिसली नसती, कबूल," ती म्हणाली. "पण आप्पा, मी तुमच्यासाठी येणार होते. तुम्ही मला येऊच दिलं नाही."

ती परत गेली आणि एका संध्याकाळी काका माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "पस्तीस वर्सं नोकरी केली. एखादी म्हातारी गठुडं घेऊन पळत आली की डायवरला म्हनायचो, थांब बाबा दोन मिन्टं. किती गाड्या लेट केल्या त्याच्यापायी. अन् माझी सोताची पोर येऊन राह्यली व्हती, तर तिला म्हन्लं, टाइम गेला." शर्टाच्या बाहीने ते डोळे पुसत राहिले.

मला अजूनही स्वतःचा राग येतो. त्या दिवशी बूथवर त्यांच्याशेजारी मीच होतो. 'काका, येऊ द्या तिला,' एवढं म्हणायला मला असा किती वेळ लागला असता?